टोपीवरील लष्करी बिल्ले : अस्सल आणि नक्कल

आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांत लष्करी चाकरीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, हे वाचकांस विदित आहेच. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे व बेळगाव या भागांतील कित्येक खेड्यांत, पहिल्या महायुद्धावर त्या गावातून किती माणसे गेली त्याची संख्या कोरलेली संगमरवरी पाटी चावडीच्या अथवा शाळेच्या भिंतीत अद्यापही पाहावयास मिळते. साताऱ्याजवळचे आपशिंगे हे गाव तर ‘आपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. अशा गावांतील एखाद्या घरी, पणजोबांच्या लाकडी पेटीच्या तळाशी, पेन्शनीच्या कागदांखाली, पितळेचा एक लहानसा बिल्ला सापडतो. त्यावर बिगुल असते, मुकुट असतो, इंग्रजी अक्षरे असतात. तो कोणत्या पलटणीचा, कोणत्या काळचा, हे घरात कोणासच सांगता येत नाही.

या बिल्ल्यांवर आज दोन संकटे आहेत. पहिले असे की, घरातील जुनी भांडीकुंडी मोडीत देताना बिल्लाही पितळेच्या भावाने वजनावर जातो. दुसरे संकट याच्या अगदी उलट आहे. लष्करी वस्तूंचा संग्रह करण्याचा छंद जगभर वाढल्यापासून जुन्या बिल्ल्यांस चांगली किंमत येऊ लागली, आणि किंमत आली तशा नकलाही आल्या. पूर्वजांविषयीच्या अभिमानाने प्रेरित होऊन एखादा तरुण बाजारातून ‘पणजोबांच्या पलटणीचा’ बिल्ला विकत आणतो, चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतो, आणि पुढच्या पिढीस तोच घराण्याचा ठेवा वाटू लागतो. अस्सल वस्तू भट्टीत आणि नक्कल देवघराशेजारी, अशी ही विपरीत स्थिती आहे. खरा बिल्ला कसा ओळखावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो खरा आहे हे पुढील पिढीस कसे पटवून द्यावे, याचे दिग्दर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. बिल्ल्याचा पूर्वेतिहास

टोपीवर पलटणीचे चिन्ह लावण्याची पद्धत मुळात ब्रिटिश सैन्यातील. इंग्लंडमध्ये १८७४ च्या सुमारास शिपायांच्या ग्लेनगॅरी नामक टोपीवर पलटणीचा बिल्ला आला. १८८१ च्या पुनर्रचनेत ब्रिटिश पलटणींचे जुने क्रमांक मागे पडून त्यांना परगण्यांची नावे मिळाली व त्याबरोबर बिल्लेही बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नवी टोपी आली आणि तेव्हापासून लहान आकाराचा, आज आपण ज्यास टोपीचा बिल्ला म्हणतो तो, सार्वत्रिक झाला.

हिंदुस्थानातील फौजेची गोष्ट मात्र निराळी होती, आणि येथेच अनेकांची फसगत होते. पहिल्या महायुद्धापर्यंत आपला शिपाई बहुधा पागोटे, फेटा अथवा साफा बांधीत असे. शिखांच्या साफ्यावरील चक्र किंवा गुरख्यांच्या टोपीवरील खुकऱ्यांचे चिन्ह असे अपवाद होते. परंतु सर्वसाधारण हिंदी शिपायाची पलटण ओळखावयाची ती त्याच्या खांद्यावरील पितळी अक्षरांवरून. टोपीचे, पट्ट्याचे व शिरस्त्राणाचे नक्षीदार बिल्ले हे पुष्कळदा गोऱ्या अधिकाऱ्यांचे असत. तेव्हा ‘१८९० साली आमच्या पूर्वजांनी टोपीवर लावलेला बिल्ला’ असे कोणी सांगू लागल्यास, त्या काळी त्या पूर्वजांच्या डोक्यास टोपी होती काय, हा पहिला प्रश्न विचारावा. उलट, घरात केवळ क्रमांक आणि दोन-चार अक्षरे असलेली वाकडी पितळी पट्टी सापडली, तर ती क्षुल्लक समजून टाकून देऊ नये. शिपायाच्या खांद्यावर खरोखर चढलेली वस्तू बहुधा तीच असते.

२. नावाची व मुकुटाची साक्ष

धातू तपासण्यापूर्वी बिल्ल्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. नक्कल करणारा ठशात वाकबगार असला तरी इतिहासात कच्चा असू शकतो.

मराठा पलटणींचा उगम मुंबईच्या फौजेत आहे. १७६८ साली उभी राहिलेली ‘जंगी पलटण’ आणि १७६९ ची ‘काळी पांचवी’ या त्यांतील सर्वांत जुन्या. १८४१ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेतील कामगिरीबद्दल मुंबईच्या पलटणींस ‘लाइट इन्फन्ट्री’ हा बहुमान मिळाला आणि बिगुलाचे चिन्ह त्या मानाचे द्योतक ठरले. तथापि ‘१०३’, ‘१०५’, ‘११०’ हे क्रमांक मात्र त्या काळचे नव्हेत. १९०३ साली लॉर्ड किचनेर यांनी हिंदी फौजेच्या क्रमांकांची फेररचना केली, तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळविण्यात आले. ३ ची १०३ झाली, ५ ची १०५, १० ची ११०, १४ ची ११४, १६ ची ११६ आणि १७ ची ११७. पुढे १९२२ साली या सहा पलटणी एकत्र करून ‘५ मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही रेजिमेंट बनविण्यात आली. दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ मध्ये, ‘५’ हा आकडाही गेला.

एवढा हिशेब ध्यानात ठेवला तर अर्ध्या नकला हातात न घेताच बाजूस सारता येतात. ‘१०३’ हा आकडा असलेली वस्तू १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतीलच असली पाहिजे; ती सत्तावन सालच्या बंडातील म्हणून कोणी देऊ लागल्यास ते असंभाव्य होय. ११७ व्या पलटणीस ‘रॉयल’ ही पदवी मिळाली ती १९२१ साली, आणि १९२२ मध्ये तिचा क्रमांकच बदलला. म्हणजे ‘११७ रॉयल’ हे नाव जेमतेम वर्षभर चालले. अशा नावाचे बिल्ले ढिगाने विकावयास दिसले तर त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

अक्षरांच्या जुळणीचीही साक्ष मोठी असते. ब्रिटिश अमदानीत रेजिमेंटच्या नावातील ‘मराठा’ हा शब्द इंग्रजीत ‘एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए’ असा लिहीत. स्वातंत्र्यानंतर तो ‘एम-ए-आर-ए-टी-एच-ए’ असा झाला. नव्या पद्धतीचे शब्दलेखन आणि त्यावर ब्रिटिश राजाचा मुकुट, असा संयोग दिसल्यास बिल्ला संशयास्पद समजावा. २६ जानेवारी १९५० रोजी आपले प्रजासत्ताक स्थापन झाले आणि लष्करी चिन्हांतील मुकुटाची जागा सारनाथच्या सिंहस्तंभाने घेतली.

मुकुटाचेही प्रकार आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा, म्हणजे १९०१ पर्यंतचा मुकुट माथ्यावर काहीसा चपटा व खांद्याशी कोनदार दिसतो. १९०१ पासून १९५२ पर्यंत चार राजांच्या कारकिर्दीत वापरलेल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोलाकार वर चढतात. एलिझाबेथ राणीच्या काळी, १९५३ पासून, कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असा मुकुट आला. येथवर ही कसोटी संग्राहकांस फार सोयीची होती. गोल कमानीचा मुकुट म्हणजे १९५२ पूर्वीचा, असे ते बेधडक म्हणत. परंतु २०२२ साली तिसऱ्या चार्ल्स राजाने पुन्हा गोल कमानीच्या मुकुटाचीच निवड केली. त्यामुळे ब्रिटिश सैन्याचे आजचे नवे कोरे अधिकृत बिल्लेही त्याच वळणाचे होऊ लागले आहेत, आणि मुकुटावरून काळ ठरविणे पूर्वीइतके निर्धोक राहिलेले नाही.

महार रेजिमेंटचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ महार ही पलटण उभारली गेली व १९२१ पर्यंत ती मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगाव येथे स्थापन झाली, आणि तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर भीमा-कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली आणि आडव्या-उभ्या दोन मशीनगनींचे चिन्ह रूढ झाले. म्हणून स्तंभाचा बिल्ला ‘१९१७ चा’ म्हणून कोणी दाखविल्यास तो कालविपर्यास समजावा. आणि १९४० नंतरच्या त्या अल्प काळातील खरा बिल्ला कोणाच्या घरी असेल, तर त्या घराने तो जिवापाड जपावा.

३. बिगुल एकट्या मराठ्यांचे नव्हे

बिगुल दिसले की बिल्ला मराठा लाइट इन्फन्ट्रीचा, अशी आपल्याकडे सरसकट समजूत आहे. वस्तुतः दोरीने टांगलेले बिगुल हे सर्वच लाइट इन्फन्ट्री पलटणींचे सामान्य चिन्ह होय. सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर बिगुल आहे. त्यावर तटाच्या आकाराचा मुकुट असून पट्टीवर ‘जलालाबाद’ हे नाव आहे. याच रेजिमेंटची पहिली पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियातून बोटीवर चढली आणि ब्रिटिश फौजेचा हिंदुस्थानातील मुक्काम संपला. तेव्हा जाणाऱ्या शिपायांच्या टोपीवरील असा एखादा बिल्ला मुंबईत मागे राहिला असल्यास नवल नाही.

याहून अधिक घोटाळ्याचा बिल्ला ऑक्सफर्डशायर व बकिंगहॅमशायर लाइट इन्फन्ट्रीचा. त्यावर नाव नाही, आकडा नाही, मुकुटही नाही. केवळ दोरीची गाठ मारलेले बिगुल. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील पुणे डिव्हिजनच्या १७ व्या ब्रिगेडमध्ये ही इंग्रज पलटण आणि आपली १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री या एकत्र होत्या. दोन्ही पलटणींच्या माणसांनी कुत-अल-अमाराचा वेढा सोसला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले. इतक्या महिन्यांच्या सहवासात एका पलटणीचा बिल्ला दुसऱ्या पलटणीच्या माणसाकडे जाणे अगदी शक्य होते. म्हणून निनावी बिगुलाचा बिल्ला मराठा घरात मिळाला, तर तो नकली ठरत नाही आणि मराठा पलटणीचाही ठरत नाही. तो तेथे कसा आला, हीच त्याची खरी कथा असते.

४. ठशाचा बिल्ला व त्याची नक्कल

आता धातूकडे वळू. अस्सल ब्रिटिश बनावटीचा बिल्ला पोलादी ठशावर होत असे. पोलादाच्या ठोकळ्यात चित्र उलटे खोल कोरावयाचे, त्यावर पितळसदृश धातूचा पातळ पत्रा ठेवून यंत्राने जबर दाब द्यावयाचा, नंतर मधल्या पोकळ जागा कापून काढावयाच्या आणि मागे अडकविण्याची सोय जोडावयाची, असा हा क्रम. बर्मिंगहॅम व लंडन येथील जे. आर. गाँट, फर्मिन इत्यादी कारखाने या कामासाठी प्रसिद्ध होते. पांढऱ्या व पिवळ्या अशा दोन धातूंचे बिल्लेही होत. त्यांत पांढरा भाग निकेलयुक्त धातूचा, ज्यास आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो त्या जातीचा असे. १९१६ साली युद्धामुळे निकेल वाचविण्यासाठी असे काही दुरंगी बिल्ले निव्वळ पितळेचे काढण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात धातूच्या टंचाईमुळे प्लॅस्टिकचेही बिल्ले निघाले, आणि १९५० नंतर चकचकीत ॲल्युमिनियमचे आले.

ठशाच्या बिल्ल्याची ओळख त्याच्या पाठीवर असते. पुढे जेथे उंचवटा तेथे मागे खळगा, असे पुढील चित्राचे उलट प्रतिबिंब पाठीवर उमटलेले दिसते. पत्रा पातळ व सर्वत्र सारख्या जाडीचा असतो. कापलेल्या कडा हातास स्वच्छ लागतात. भिंगातून पाहिल्यास बारीकसारीक रेषा, दोरीचा पीळ, मुकुटावरील मण्यांची ओळ, ही ठसठशीत दिसतात.

नक्कल करण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला ओतकामाचा. खऱ्या बिल्ल्यावरून साचा पाडून त्यात धातू ओतावयाचा. अशा बिल्ल्याची पाठ बहुधा सपाट व भरीव असते. पृष्ठभागावर बारीक रवाळपणा व सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. मण्यांची ओळ एकमेकांत मिसळून गेलेली असते. शिवाय निवताना धातू आकसतो. पितळ सुमारे दीड टक्का आकसते. म्हणजे चाळीस मिलिमीटरच्या बिल्ल्याची नक्कल अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिकच लहान भरते. अस्सल बिल्ला शेजारी असेल तर कॅलिपरने हा फरक पकडता येतो. काही नकला जस्तमिश्रित हलक्या धातूच्या करून वर पिवळा मुलामा देतात. त्यांची परीक्षा घरच्या घरी होऊ शकते. बिल्ला आधी हवेत व मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलावा, आणि हवेतील वजनास दोन्ही वजनांच्या फरकाने भागावे. पितळेचा भागाकार साडेआठच्या आसपास येतो, जस्तमिश्रणाचा पावणेसातच्या आत.

दुसरा मार्ग अधिक फसवा आहे. जुने मूळ ठसे कारखान्यांतून जपून ठेवलेले असत. १९५८ नंतर ब्रिटिश सैन्यात अनेक पलटणींचे स्वतंत्र बिल्ले जाऊन ब्रिगेडचे बिल्ले आले, संग्राहकांची मागणी वाढली, आणि त्याच जुन्या ठशांवर नवा पत्रा ठेवून पुन्हा बिल्ले काढण्यात आले. येथे चित्र खरे, ठसा खरा, काळ मात्र खोटा. अशा वेळी चित्राकडे पाहून काहीच उलगडत नाही. मागील जोडकाम पाहावे लागते. जुन्या बिल्ल्यास दोन कड्या असत व त्यांतून खिळीसारखी पिन ओवीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून टोपीत खोचण्याची उभी पट्टी रूढ झाली. म्हणून व्हिक्टोरियाचा मुकुट आणि मागे खोचपट्टी असे एकत्र दिसल्यास अधिक बारकाईने परीक्षा करावी. अस्सल जोडकामात डाख थोडा, नेमका व पक्का असतो; नव्या कामात पुष्कळदा शिशाचा राखी डाख ओघळलेला दिसतो. पट्टीवर कारखान्याचे नाव आहे म्हणून बिल्ला खरा, असेही मानू नये. ज्यास बिल्ल्याची नक्कल करता येते त्यास नावाची नक्कल करणे अवघड नाही.

५. आपल्या ओताऱ्यांचे काम

वर सांगितलेले नियम इंग्लंडमधील संग्राहकांनी तेथील बिल्ल्यांसाठी ठरविलेले आहेत. ते जसेच्या तसे आपल्याकडे लागू केल्यास मोठा अन्याय होतो, आणि या लेखात सर्वांत आग्रहाने सांगावयाची गोष्ट हीच आहे.

हिंदुस्थानात छावणी असलेल्या पलटणींस प्रत्येक बिल्ला विलायतेहून मागविणे परवडणारे नव्हते व सोयीचेही नव्हते. म्हणून छावणीच्या बाजारातील कारागिरांकडून बिल्ले करून घेण्याचा प्रघात होता. गोऱ्या पलटणीही असे बाजारी बिल्ले वापरीत आणि हिंदी पलटणीही वापरीत. हे कारागीर पोलादी ठशाचे यंत्र बाळगून नव्हते. घंटा, समया, देवांच्या मूर्ती ज्या पद्धतीने ओतल्या जात त्याच पद्धतीने ते बिल्लाही ओतीत. त्याची पाठ भरीव असणारच; अक्षरे किंचित ओबडधोबड असणारच; कानसीचे ओरखडे असणारच. तरीही तो त्या काळी, त्या शिपायाच्या अंगावर चढलेला, पूर्णपणे अस्सल बिल्ला होय. इंग्रजी पुस्तक हाती घेऊन ‘ओतीव, म्हणून नकली’ असा निकाल देणाराने आपल्या आजोबांच्याच वस्तूस खोटे ठरविण्याचा संभव आहे.

मग जुने बाजारी ओतकाम आणि आजची ओतीव नक्कल यांत भेद कसा करावा? काही चिन्हे साहाय्यक होतात. जुन्या कामात पोकळ जागा करवतीने व कानसीने हातांनी मोकळ्या केलेल्या असतात, त्यामुळे एक पोकळी दुसरीसारखी तंतोतंत नसते. कड्या जाड तारेच्या, हाताने वळविलेल्या असतात. पाठीवरही कानस फिरविलेली दिसते, कारण तो बिल्ला कापडास घासावयाचा नसे. आजच्या नकलेत एकाच साच्यातून निघालेले दहा बिल्ले एकमेकांचे जुळे भाऊ असतात. एकावर जेथे छिद्र, तेथेच दुसऱ्यावरही छिद्र. तथापि एकटा बिल्ला समोर असता ही चिन्हे निर्णायक ठरतीलच असे नाही. येथे धातूची साक्ष संपते आणि घराची साक्ष सुरू होते.

६. जुनेपणाचे सोंग

घराच्या साक्षीकडे वळण्यापूर्वी झीज व कळंक यांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. शिपायास बिल्ला रोज घासावा लागे. वर्षानुवर्षे घासल्याने उंच भाग गुळगुळीत होतात, मुकुटाचे मणी बुजतात; खोलगट जागी मात्र घासण्याच्या पूडीचा पांढरट-हिरवट थर साचून घट्ट होतो. टोपीत खोचल्याने पट्टीच्या कडा गोल होतात आणि ती एकदा तरी वाकून सरळ केलेली असते. पुढील बाजू झिजलेली पण पाठ, कड्या व पट्टी कोऱ्या करकरीत, असे दिसल्यास ती झीज पलटणीतील नसून कारखान्यातील आहे असे समजावे. नकली बिल्ल्यास जुनेपणा आणण्यासाठी तेजाबात बुडविणे, नवसागराची वाफ देणे, ओल्या मातीत पुरणे असे उपाय करतात. त्याने येणारा काळिमा व हिरवटपणा सर्वत्र सारखा असतो. उंचावर व खोलात भेद राहत नाही. खऱ्या वापरात तसे कधीच होत नाही.

याच कारणास्तव भगिनीवर्गास एक नम्र विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत जुना बिल्ला हाती लागल्यास तो चिंच व राख लावून, अथवा बाजारातील पावडरीने लखलखीत करू नये. समई-तांब्यास जे भूषण ते बिल्ल्याच्या बाबतीत पुरावा पुसून टाकणे ठरते. कोरड्या मऊ कापडाने धूळ झटकावी, आणि बिल्ला कोरड्या जागी, सुती कापडात गुंडाळून, इतर धातूंपासून वेगळा ठेवावा.

७. घराची साक्ष

बिल्ला व पदक यांत एक मोठा भेद आहे. पहिल्या महायुद्धातील रुपेरी युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन वीरांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडून, आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ च्या लढाईत. त्या पदकाच्या पाठीवर पराक्रमाची तारीख आणि वरच्या आडव्या पट्टीमागे वीराचे नाव कोरण्याची रीत आहे. पदक स्वतःच सांगते, मी अमक्याचे. बिल्ला मुका असतो. एकाच ठशातून निघालेले हजारो बिल्ले हजारो डोक्यांवर चढले. त्यांतील कोणता कोणाचा, हे धातू कधीही सांगू शकत नाही.

म्हणून भिंग, तराजू व कॅलिपर यांनी एवढेच सिद्ध होते की, अमुक बिल्ला अमुक काळचा असू शकत नाही. तो अमुक माणसाचा होता, हे सिद्ध करण्यास दुसरी साधने लागतात. सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनीचे पुस्तक, पदकांवरील नावे, पलटणीतून आलेली पत्रे, गणवेशातील छायाचित्र, ही ती साधने होत. छायाचित्राचे मोल विशेष, कारण त्यात बिल्ला, खांद्यावरची अक्षरे व माणूस हे एकत्र दिसतात. हे कागद व बिल्ला यांची ताटातूट होऊ देऊ नये. बिल्ला एका भावाकडे, दाखला दुसऱ्याकडे आणि छायाचित्र बहिणीच्या सासरी, अशी वाटणी झाली की तिन्ही वस्तू मुक्या होतात.

आणि सर्वांत मोठे साधन म्हणजे वडील माणसांची आठवण. दुसऱ्या महायुद्धातील शिपायांची पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. त्यांच्या मुली व सुना वार्धक्यात आहेत. बिल्ला कोणत्या पेटीत होता, तो कोणी आणला, त्याविषयी घरात काय सांगत, हे ठाऊक असलेले कदाचित अखेरचे मनुष्य आज आपल्या घरात बसलेले असेल. त्यांस विचारून, ते जसे सांगतील तसे, आपल्या कल्पनेची भर न घालता लिहून ठेवावे. कागदावर त्या दिवसाची तारीख व लिहिणाराचे नाव घालावे. ‘आजी सांगते’ आणि ‘दाखल्यात लिहिले आहे’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे पुढे अभ्यास करणारास दोन्हींचे वजन नीट करता येईल.

ज्यांच्या घरी काहीच उरलेले नाही, त्यांनी खंत करण्याचे कारण नाही; आणि ती उणीव बाजारातून भरून काढण्याचे तर मुळीच कारण नाही. संग्रहासाठी जुना बिल्ला, किंबहुना त्याची चांगली नक्कलही, विकत घेण्यात गैर काही नाही. मात्र त्याखाली ‘विकत घेतला, अमुक साली’ असे स्वच्छ लिहावे. ज्या मनुष्याने बसऱ्यास वा इटलीत प्रत्यक्ष हालअपेष्टा सोसल्या, त्याच्या नावावर परका बिल्ला चिकटविणे हा त्याचा गौरव नव्हे. गावच्या संगमरवरी पाटीवरील केवळ एक आकडा, आणि त्या आकड्यात आपला माणूस आहे हे सांगणारी खरी आठवण, ही पन्नास विकतच्या बिल्ल्यांहून मोलाची आहे.

आपल्या मंडळाने सभासद कुटुंबांतील अशा वस्तूंची एक नोंदवही करावी अशी या निमित्ताने सूचना करावीशी वाटते. वस्तू ज्यांची त्यांच्याच घरी राहावी. मंडळाकडे केवळ तिचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, माप, वजन, सोबतचे कागद आणि घरची हकीकत यांची नोंद असावी. अशा शे-दोनशे नोंदी एकत्र झाल्या, तर छावणीच्या बाजारात आपल्या शिपायांसाठी ओतलेल्या बिल्ल्यांचा, म्हणजे ज्याची माहिती इंग्रजी पुस्तकांत तुटपुंजी आहे अशा विषयाचा, प्रमाणभूत संग्रह आपल्याच हाती तयार होईल. आणि संशयित बिल्ला ज्याच्याशी ताडून पाहावा असे खात्रीचे नमुने उपलब्ध होतील. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या नोंदींचा पहिला हप्ता छापता यावा, यासाठी ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी आपापल्या घरच्या पेट्या या वर्षी उघडाव्यात, एवढीच विनंती.